तागाचे वर्ष

तृतीय वर्ष कला (मराठी विशेष)

दिवाळीची सुट्टी संपली की तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला सगळीकडून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो: "पुढे काय?" वर्गात सर विचारतात, एस.टी.त शेजारी बसलेली अनोळखी बाई विचारते, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता मामा विचारतात. उत्तरेही ठरलेली आहेत. स्पर्धा परीक्षा, बी.एड., एम.ए., वकिली, नाहीतर रांजणगावच्या एखाद्या कंपनीत मिळेल ते काम. आमच्या वर्गात माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "सर, एक वर्ष मी कोठेच प्रवेश घेणार नाही. जमले तर मॉरिशसला जाऊन राहीन म्हणते." सारा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "एकटीच? तिथे तर जोडीने जातात!" सरांनाही हसू आले. पण तास संपल्यावर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "चेष्टा केली नसशील तर लिहून काढ. वार्षिक अंकाला दे." मी चेष्टा केली नव्हती. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचीच अडचण सांगते. शिक्षण एक वर्ष थांबवावे, परमुलखात राहावे, तेथल्या माणसांत वावरावे आणि मग पुढच्या मार्गाला लागावे, असे इंग्लंड-युरोपातील पुष्कळ मुले करतात. त्या वर्षाला ती 'गॅप इयर' म्हणतात. आपण त्यातला 'गॅप' तेवढा उचलला आणि 'इयर' तिकडेच ठेवले! आपल्याकडे गॅप म्हणजे खंड, आणि खंड म्हणजे दोष. माझ्या मावसभावाचे एक वर्ष आजारपणात गेले. पुढल्या वर्षी प्रवेशाला गेला तर त्याच्याकडे 'गॅप सर्टिफिकेट' मागितले. त्यासाठीचे प्रतिज्ञापत्र करायला त्याच्याबरोबर मी गेले होते. मसुदा तयारच असतो, नाव आणि साल घालायचे. त्यात लिहिलेले असते की या काळात मी अन्य कोणत्याही शाळेत वा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता आणि कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता. म्हणजे त्या वर्षात आपण काय काय केले नाही, ते शपथेवर सांगायचे. काय केले, काय पाहिले, काय शिकलो, हे विचारणारी एक ओळही त्या कागदावर नव्हती. तो कागद माझ्या मनातून गेला नाही. या लेखाचे मूळ तेथे आहे.

मुलींच्या बाबतीत तर गॅप हा शब्दही वापरीत नाहीत. मुलगी वर्षभर घरी असली की "स्थळे पाहणे चालू आहे" असे म्हणतात. ते वर्ष तिचे नसतेच, सोयरिकीचे असते. तेव्हा मुलीने स्वतःच्या वर्षाचा स्वतः बेत करावा, आणि तोही परदेशाचा, हे ऐकून माझ्या आत्या गप्प झाल्या यात त्यांचा दोष नाही.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मात्र सरळ प्रश्न केला. ते म्हणाले, "म्हणजे चांगले पाण्याखालचे रान वर्षभर पडीक ठेवायचे?" मला लगेच उत्तर देता आले नाही. दोन दिवसांनी बांधावरून जाताना ते सापडले. आमच्या शेजारच्या रानात उसाच्या आधी ताग केला होता. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. ताग पेरतात, त्याला पाणी देतात, कमरेच्या वर वाढू देतात आणि फुलावर येऊ लागला की नांगर घालून मातीत गाडून टाकतात. त्याची एक पेंडी बाजारात जात नाही. न कळणारा म्हणेल, हातचे पीक मातीत घातले! पण त्या रानात पुढे येणारा ऊस पाहिला म्हणजे ते पीक कोठे गेले ते कळते. मी अण्णांना म्हणाले, "रान पडीक नाही ठेवायचे. ताग करायचा." ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वर्षाला 'तागाचे वर्ष' म्हणतात. मलाही हेच नाव गॅपपेक्षा बरे वाटते.

कोणी म्हणेल, हे परदेशी वारे आहे, आपल्या रक्तात नाही. मला ते पटत नाही. माणूस शहाणा कशाने होतो, हे सांगणारी मोरोपंतांच्या नावावरची आर्या आपण शाळेत पाठ केली. तिच्यात देशाटनाला पहिला मान आहे. हे मोरोपंत दौंडच्या शेजारच्या बारामतीचे. त्यांनी देशाटन सांगितले, आणि आपण ते सुवाच्य अक्षरात दहा वेळा लिहून काढले!

गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली ज्ञानासाठी घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. शाळेचे शिक्षण धड न झालेला हा माणूस १९१० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेला. त्यांची ती फिरस्तीची वर्षे एखाद्या अर्जाच्या रकान्यात भरली असती तर तेथे एकच शब्द आला असता: 'खंड'. पण या गोष्टीची दुसरी बाजूही विसरू नये. ते निघाले तेव्हा घरी पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. एकाच्या देशाटनाचा भार दुसऱ्याच कोणीतरी वाहिला. आपल्या वर्षाचा भार कोण वाहणार, हा प्रश्न ज्याने त्याने निघण्यापूर्वी स्वतःला विचारला पाहिजे.

मुलींनी तर मागे पाहून धीर घ्यावा. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला गेल्या. त्याच साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, पुढे अमेरिकेत राहिल्या, आणि १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिले. पाहून आलेले आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगितले पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी ओळखली होती.

आता मॉरिशसच का? पैसा असता तर लंडन नको का होते, असे मला विचारतात. खरे सांगायचे तर मला लंडन पाहावेसे वाटते, पण एक वर्ष राहावेसे वाटत नाही. जेथे अनेक जातींची, धर्मांची आणि भाषांची माणसे एका लहानशा जागेत दाटीने राहतात आणि एकमेकांना टाळू शकत नाहीत, अशा ठिकाणी मला राहायचे आहे. मॉरिशस हे बेट आकाराने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर.  लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. तेवढ्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, गुजराती आणि चिनी वंशाचे लोक. आफ्रिका व मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. आणि फ्रेंच मळेवाल्यांचे वारस.

हे सारे तेथे कसे जमले, याचा इतिहास गोड नाही. डच आले नि गेले, मग १७१५ पासून फ्रेंच, १८१० पासून इंग्रज. उसाचे मळे गुलामांच्या घामावर उभे राहिले. १८३५ मध्ये तेथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण ऊस संपला नव्हता. म्हणून १८३४ पासूनच इंग्रजांनी हिंदुस्थानातून कराराचे मजूर नेण्यास सुरुवात केली. 'अ‍ॅग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले ते या करारातून. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. काही तेथून पुढे इतर वसाहतींत गेले, बहुतेक तेथेच राहिले. ज्या धक्क्यावर ते उतरले त्याला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. बहुसंख्य मजूर बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातले होते, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली मराठी माणसेही होती, विशेषेकरून कोकणातली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीची आठवणही त्यांनी नाचात जपली आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तेथेच त्या मजुरांची जुनी नोंदणीबुके छायाचित्रांसह जपून ठेवलेली आहेत.

हे सर्व मी पुस्तकांतून व नकाशांतून गोळा केले. मी बेट पाहिलेले नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पण एक गोष्ट वाचताना मी अडखळले. तेथल्या मराठी कुटुंबांत घरची बोली बहुधा क्रिओल असते. मराठी शाळेत शिकायची, देवळात म्हणायची, सणाला गायची. म्हणजे जी भाषा आपण न शिकता बोलतो ती तेथली मुले मुद्दाम शिकतात. आणि आपल्याकडे? शिरूरच्या बाजारपेठेत आई मुलाला "वॉटर पी" म्हणताना मी ऐकले आहे. पाच पिढ्या समुद्रापलीकडे राहूनही ज्यांनी भाषा टाकली नाही, ते ती कशी सांभाळतात आणि काय गमावतात, हे मराठीच्या विद्यार्थिनीने जवळून पाहण्यासारखे आहे. माझ्या वर्षाचे काम मी हेच ठरवले आहे. नात्यांची नावे, स्वयंपाकघरातले शब्द, सणांची गाणी यांतले काय टिकले, काय क्रिओलमध्ये मिसळले, हे घरोघर बसून लिहून घ्यायचे.

पण येथे एक खड्डा आहे आणि त्यात मी पडणार होते. मॉरिशसला आपले लोक कौतुकाने 'छोटा भारत' म्हणतात. असे म्हणून आपण त्या बेटावरच्या बाकीच्या माणसांना घराबाहेर काढतो! ज्यांच्या पूर्वजांना साखळ्या घालून आणले, त्यांचा तो देश नाही काय? बेटाच्या नैर्ऋत्येला ल मोर्न नावाचा डोंगर आहे. पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्याकपारीत आश्रय घेत. २००८ मध्ये तोही जागतिक वारसा ठरला. गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून १ फेब्रुवारीला तेथे सुट्टी असते, आणि हिंदी मजुरांचे पहिले जहाज आले त्याची आठवण म्हणून २ नोव्हेंबरला. दोन्ही दिवस एकाच देशाचे आहेत. तेथे जाऊन मी मराठी माणसे तेवढी शोधत बसले, त्यांच्याच घरी जेवले, त्यांच्याच आरतीला उभी राहिले, तर मी शिरूर सोडलेच नाही असे होईल.

आणि ते बेट म्हणजे नंदनवन, असेही कोणी समजू नये. १९९८ मध्ये तेथे नव्या नोटा निघाल्या. त्यांवर तमिळच्या आधी हिंदी छापली होती. एवढ्यावरून असा वाद पेटला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाच्या क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटभर दंगली उसळल्या. माणसे एकत्र राहतात म्हणजे एकमेकांवर प्रेम करतात असे नाही. ती रोज थोडे थोडे सांभाळून घेतात. एखाद्या दिवशी सांभाळले जात नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच शेजाऱ्यासमोरून जावे लागते. हे कसे करतात, ते मला पाहायचे आहे.

हे मला का पाहायचे आहे, तेही सांगितले पाहिजे. कोरेगाव भीमा आपल्याच तालुक्यात आहे. १ जानेवारी २०१८ ला तेथे हिंसाचार झाला तेव्हा मी शाळेत होते. घरातली वडील माणसे हलक्या आवाजात बोलत होती आणि मी खोलीत गेले की गप्प होत होती. कित्येक दिवसांनी शाळेत गेले तर माझी बाकावरची मैत्रीण आणि मी, दोघीही त्याविषयी एक शब्द बोललो नाही. आम्ही भांडलो नाही, पण पूर्वीसारख्या राहिलोही नाही. ते न बोललेले अजून माझ्या मनात आहे. आपल्याहून वेगळ्या माणसाशी अवघड गोष्ट कशी बोलायची, हे बारावी झाली, बी.ए. होत आले, तरी मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही.

शिवाय आणखी एक. आपण येथे बहुसंख्य आहोत. आपली भाषा एस.टी.च्या पाटीवर आहे, आपला सण शाळेच्या सुट्टीत आहे, आपले आडनाव कोणी दोनदा विचारत नाही. ज्याने आयुष्यात एकदाही 'थोड्यांतला एक' होऊन पाहिले नाही, त्याला थोड्यांचे दुःख कसे कळणार? माझ्या मते परदेशातल्या वर्षाचा खरा लाभ हाच. समुद्र, डोंगर आणि देवळे हे सर्व आठ दिवसांत पाहून होते. पण दुकानात आपली भाषा चालत नाही, आपले नाव समोरच्याला उच्चारता येत नाही, आपण कोण ते रोज नव्याने सांगावे लागते, हे अंगवळणी पडायला वर्ष लागते.

हे लिहीत असतानाच मला लाज वाटावी अशी गोष्ट घडली. आमचे घर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ आहे. घरामागे अण्णांनी दहा खोल्या बांधल्या आहेत. त्यांत कंपन्यांत काम करणारी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडली मुले राहतात. भाडे गोळा करायला मी गेली चार वर्षे जाते. त्यांना आम्ही सगळे मिळून 'भय्ये' म्हणतो. मी मॉरिशसच्या पुस्तकात वाचले की तेथे गेलेल्या मजुरांत आरा आणि छपरा या भागांतले पुष्कळ होते. त्या महिन्यात भाडे घेताना मी सहज विचारले, तुम्ही कोठले? चार नंबरच्या खोलीतला मुलगा म्हणाला, "आरा." मी त्याला गिरमिट शब्द माहीत आहे का विचारले. त्याला तो माहीत होता. त्याच्या गावातून पूर्वी लोक असे गेले आणि परतले नाहीत, अशी गोष्ट त्याने आजीकडून ऐकली होती. मग तो हसून म्हणाला, "दीदी, हम भी तो गिरमिट पर ही हैं. ठेकेदार का." आणि पैसे मोजू लागला.

चार वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. मला पाच हजार किलोमीटरवरच्या भोजपुरी माणसांचा इतिहास पाठ, आणि माझ्या मोरीच्या भिंतीपलीकडला भोजपुरी माणूस मला ठाऊक नाही! याच शिरूरला पूर्वी इंग्रजांची छावणी होती. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या परक्या माणसाच्या थडग्याला येथली साधी माणसे 'सत्पुरुष' मानून सुगीत धान्याचा नैवेद्य नेत असत, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. आपल्या आजे-पणज्यांना परका माणूस ओळखता येत होता. आपल्याला भाडे देणारा भाडेकरूही ओळखता येत नाही.

तेव्हा माझ्या बेतात मी बदल केला. वर्षाची सुरुवात मुंबईच्या विमानतळावर करायची नाही, घरामागच्या दहा खोल्यांपासून करायची. पहिले तीन महिने तेथेच. जे काम मला मॉरिशसमध्ये करायचे आहे, तेच येथे करून पाहायचे: शब्द, गाणी, निघून येण्याच्या गोष्टी. येथे जमले नाही तर तेथे काय जमणार?

आता पुढच्या तयारीविषयी, कारण ज्यांना असा विचार करायचा आहे त्यांना स्वप्नापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल. पर्यटक म्हणून गेलेल्याला तेथे नोकरी करता येत नाही, आणि दीर्घ मुक्कामाला शिक्षणाचे किंवा कामाचे निश्चित कारण व परवाना लागतो. म्हणून पहिली पायरी पत्रव्यवहाराची. तेथल्या मराठी विभागात अल्पकाळ शिकण्याची किंवा अभ्यासासाठी राहण्याची काय सोय आहे, ते विचारायचे. दुसरी पायरी भाषेची. तेथे शाळा इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये आणि बोलणे क्रिओलमध्ये, असा प्रकार आहे. क्रिओल मुळात फ्रेंचमधून घडलेली, म्हणून थोडी फ्रेंच येथेच शिकून घ्यायची. तिसरी पायरी पैशाची, आणि ती सर्वांत उंच आहे. विमानभाडे, राहणे, जेवण, आजारपणाचा विमा हे सारे अण्णांच्या माथी मारायचे नाही, असे मी ठरवले आहे. म्हणून परीक्षेनंतर आधी नोकरी, मग जाणे. एवढे पैसे साठले नाहीत तर वर्ष सहा महिन्यांचे होईल. तेही जमले नाही तर मी तंजावरला जाईन. तेथेही शतकानुशतके तमिळ मुलखात राहिलेली मराठी आहे. देश बदलेल, काम बदलणार नाही.

चौथी गोष्ट अण्णांनी शिकवली. एका रात्री जेवताना ते आपणहून म्हणाले, "ताग करायचा तर कर. पण गाडायचा कधी, ते पेरायच्या आधी ठरव. जून झाला की त्याच्या काड्या होतात, मग मातीत कुजत नाही आणि पिकालाही आडवा येतो." किती खरे आहे! परतीची तारीख न ठरवता निघालेले वर्ष आळसात तरी जाते किंवा परदेशाच्या मोहात तरी. मी परतीचा महिना लिहून भिंतीला लावला आहे. त्याच्यापुढच्या जूनमध्ये एम.ए.चा प्रवेश.

काही आक्षेपांना उत्तर देते. पहिला, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. अर्धे खरे आहे. पण आमच्याच गावात दोन-तीन वर्षे परीक्षांच्या नावाखाली पुण्याच्या खोल्यांत राहून, भाडे व खानावळ भरून, रिकाम्या हाताने परतलेली मुले कमी नाहीत. त्या वर्षांना कोणी गॅप म्हणत नाही, चोचलेही म्हणत नाही. दुसरा, मुलगी एकटी कशी राहणार? हा धोका मी हसण्यावारी नेत नाही. पण पुण्याच्या वसतिगृहात मुलगी ठेवतानाही आपण चौकशी करतो, ओळख काढतो आणि मग ठेवतो. तेवढी काळजी तेथेही घ्यावी. तिसरा, शिक्षण मागे पडेल. नव्या शैक्षणिक धोरणात एक किंवा दोन वर्षांनी बाहेर पडून पुन्हा आत येण्याची सोय आहे, मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. म्हणजे सरकारी कागदाने दार उघडले आहे. ते लोटायला आपलेच हात पुढे होत नाहीत.

आपल्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. सर्वांना जाता येणार नाही हे उघड आहे. पण आपल्या मराठी विभागाने मोका येथील मराठी विभागाशी पत्रमैत्री का सुरू करू नये? तेथल्या दहा विद्यार्थ्यांना आपल्या दहा विद्यार्थ्यांनी महिन्याला एक पत्र मराठीतून लिहायचे. तेही मराठीतून लिहितील, चुकत चुकत लिहितील, आणि त्यांच्या चुकांतून आपल्याला आपली भाषा नव्याने दिसेल. त्याला खर्च जवळजवळ नाही. आणि दुसरे, जो विद्यार्थी वर्षभर बाहेर राहून परत येईल त्याला प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्रासोबत आणखी एक कागद मागावा. दोनच पाने. त्यावर एकच प्रश्न असावा: "या वर्षात तुम्ही कोणाला भेटलात, आणि त्याच्याकडून काय शिकलात?"

माझे जाणे होईल की नाही, मला माहीत नाही. आत्या अजून गप्प आहेत, आईने एकदा विचारले की तिकडे भाकरी मिळते का. पण परवा रविवारी मी वही घेऊन चार नंबरच्या खोलीच्या दारात गेले. त्याने बसायला पालथी बादली दिली. आरा भागातली लग्नातली गाणी सांगतोस का, असे मी विचारले. तो लाजला आणि म्हणाला, मला नाही येत, आईला येतात. मग त्याने आईला फोन लावला. पलीकडून एक बाई बराच वेळ हसली आणि नंतर गाऊ लागली. मला त्यातले दोनच शब्द कळले. ते मी वहीत लिहून घेतले आहेत.